काकांची फियाट

गेल्या वर्षभरात ज्या स्नेह्यांनी रविवारी सकाळी आमच्या घरी येण्याची तसदी घेतली, त्यांना बहुधा एकच उत्तर मिळाले असेल : "ते मोटारीखाली आहेत." सौभाग्यवती हे उत्तर ज्या स्वरात देतात, त्यात तक्रार किती आणि समाधान किती, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतरही मला नक्की सांगता येत नाही. परंतु मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या, सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकपदावर असलेल्या आणि पन्नाशी उलटून गेलेल्या गृहस्थाने सुटीच्या दिवशी मोटारीखाली उताणे पडून राहावे, ही गोष्ट खुलाशावाचून सोडून देण्याजोगी नाही. या महिन्याचे सदर त्या खुलाशासाठी आहे. आणि खुलासा करता करता एक कबुलीही द्यावयाची आहे.

मोटार आमच्या काकांची. काका डॉक्टर होते. बेळगावात राहून खानापूर तालुक्यातील खेडोपाडी ते रोगी पाहावयास जात. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या काळी त्या रस्त्याने मोटार नेणे म्हणजे काय होते, हे निराळे सांगावयास नको. १९६७ साली काकांनी फियाट घेतली आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षे तिच्यावाचून दुसरी गाडी दारात येऊ दिली नाही. २००६ साली ते गेले. त्यानंतर गाडी टिळकवाडीतील घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. तिच्यावर प्रथम चादर पडली, मग चादरीवर धूळ, धुळीवर मांजरीची बाळंतपणे, आणि शेवटी घरातल्या नकोशा वस्तूंचा ढीग.

अठरा वर्षांनी पुण्याचे चुलतबंधू आले आणि म्हणाले, "शेड पाडून टाकू. भंगारवाला गाडीचे बरे पैसे देतो आहे." काकू चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी विरोध केला नाही. एवढेच म्हणाल्या, "विकायची तर विका. पण तिच्यात बसून मला एकदा जांबोटीला जाऊन यायचे आहे. मग तिचे काय करायचे ते करा."

या एका वाक्याने माझे रविवार गेले.

आमच्या गावात जुन्या मोटारी बाळगणाऱ्यांचे एक मंडळ आहे. मंडळ म्हणण्याजोगी त्याला घटना नाही, नोंदणी नाही, आणि नावावर तर अद्याप एकमतही झालेले नाही. उद्यमबागेत एका सभासदाचा ओतकामाचा कारखाना होता; तो बंद पडल्यावर मागे उरलेल्या शेडमध्ये दर रविवारी सकाळी ही मंडळी जमतात. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आपली स्टँडर्ड हेरल्ड घेऊन येतात. या हेरल्डचे अवघे नाक पुढच्या बाजूस उलटते आणि मग पुढच्या चाकावर बैठक मारून इंजिनाचे काम करता येते; त्यामुळे त्या गाडीच्या दुरुस्तीला माणसे नेहमीच जास्त मिळतात. एका कारखानदारांची अ‍ॅम्बॅसेडर आहे, एका दंतवैद्य दांपत्याची जीप आहे. त्या जीपचे चक्र बाईंच्याच हाती असते आणि डॉक्टर शेजारी बसून वाट चुकवितात. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक कानडी इंजिनिअर आहेत. त्यांच्याकडे गाडी नाही, पण त्यांच्यावाचून कोणाचीही गाडी सुरू होत नाही असा त्यांचा समज आहे आणि तो फारसा चुकीचा नाही.

आमचा प्रांत भाषांच्या सीमेवरचा. बाहेर ज्या प्रश्नावर दोन माणसांचे मरेपर्यंत एकमत व्हावयाचे नाही, ती दोन माणसे या शेडमध्ये एकाच सायलेन्सरखाली आडवी पडलेली मी पाहिली आहेत. पाना मागताना तो मराठीत मागितला की कन्नडमध्ये, हे कोणी विचारीत नाही. दहा वाजता घरोघरचे डबे उघडतात. पोहे, चुरमुरे आणि गरम भजी यांच्याबरोबर मुलांची लग्ने, गुडघ्यांची दुखणी आणि परगावी गेलेल्या लेकरांचे दूरध्वनी यांची वाटणी होते. घरात बसून एकमेकांना कंटाळलेली वृद्ध जोडपी येथे येऊन पुन्हा एकमेकांशी बोलू लागतात, हे मी प्रत्यक्ष पाहिलेले सत्य आहे.

जुन्या मोटारींचा शोक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजेरजवाड्यांच्या गाड्या येतात. तेही खोटे नाही. कोल्हापूरच्या दसऱ्याला राजघराण्याची जुनी मेबॅक मोटार पाहावयास लोक आजही गर्दी करतात. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' वृत्तपत्राने १९६४ साली जुन्या मोटारींची फेरी सुरू केली. बडोद्याच्या वाचकांना तर जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात भरलेले मोटारींचे देखणे प्रदर्शन आठवत असेल. आमच्या मंडळात मात्र राजवाड्यातली एकही गाडी नाही. आमच्या गाड्या डॉक्टरांच्या, वकिलांच्या, कंत्राटदारांच्या. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहून घेतलेल्या, आणि घरातल्या म्हशीप्रमाणे राबलेल्या.

काकांची फियाट मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि १९५० नंतरच्या दशकात तेथे इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या तयार होऊ लागल्या. पहिल्या गोल पाठीच्या अकराशे फियाटला आपल्या लोकांनी लाडाने 'डुक्कर फियाट' म्हटले. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूस असत. काकांची गाडी त्यानंतरची, १९६४ पासून निघालेल्या 'डिलाइट' जातीची. हीच गाडी पुढे 'पद्मिनी' झाली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून अवघ्या देशाच्या ओळखीची झाली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने मुंबईतील पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून कायमची गेली. त्या दिवशी काकूंनी वर्तमानपत्रातील तिचे छायाचित्र कापून ठेवले होते, हे मला नंतर कळले.

गाडी दोरखंडाने ओढून शेडपर्यंत आणली. बॉनेट उघडले तर आत उंदरांचे घर. वायरी कुरतडलेल्या, रेडिएटर चुन्याने भरलेला, पेट्रोलच्या टाकीत गंजाचा चिखल, चारही चाकांचे ब्रेक धरून बसलेले. इंजिन तर पूर्णपणे जाम.

आता मिस्त्रींविषयी सांगितले पाहिजे. मंडळातील सर्व गाड्यांना हात लावणारा एकच माणूस आहे. वय चाळिशीच्या पुढे, बोलणे थोडके. पहिल्याच दिवशी तो माझ्याकडे पाहून हसला आणि म्हणाला, "सर, वळखलं नाही न्हवं? नववी ब." मी ओळखले नव्हते. १९९७ साली, माझ्या नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत, तो माझ्या वर्गात होता. मागच्या बाकावर बसे. अक्षर वाईट, शुद्धलेखन त्याहून वाईट. दहावीला नापास झाला आणि शाळेच्या पटावरून गेला. त्याला मी काय म्हणत असे, ते मला आठवले नाही. त्याला आठवत होते. पण ते त्याने त्या दिवशी सांगितले नाही.

जाम झालेल्या इंजिनाचे चारही प्लग काढून त्याने आत रॉकेल आणि तेल यांचे मिश्रण ओतले आणि सांगितले, "आता आठ दिवस हात लावू नकासा." पुढच्या रविवारी मी अधीर. क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावला, पान्यात हातभर लांबीचा नळ अडकवला आणि अंगातील सारे बळ एकवटून ओढू लागलो. तो धावत आला. माझा हात धरला. जन्मात प्रथमच त्याने माझा हात धरला असेल.

"मारू नकासा सर. जाम झालंय, मेलं नाही. जोर लावलासा तर मात्र मरंल."

पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटलेल्या असतात. बळ लावले तर रिंग मोडते, भिंतीवर ओरखडा उठतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. तेल मुरू दिले तर ते सांध्यासांध्यांतून आपली वाट काढते. आणखी एक आठवडा गेला. तिसऱ्या रविवारी त्याने पाना लावला आणि दोन बोटांइतकाच हलविला. मग उलट दिशेने तितकाच. पुन्हा सुलट, पुन्हा उलट. अर्ध्या तासाने इंजिनाने एक पूर्ण फेरा घेतला. शेडमधली सारी मंडळी हातातली कामे टाकून उभी होती. कानडी इंजिनिअरसाहेबांनी टाळी वाजविली. मी मात्र त्या रात्री बराच वेळ जागा होतो. तीस वर्षे मुलांना शिकविताना किती ठिकाणी मी नळ अडकवून पाना ओढला, याचा हिशेब डोळ्यांपुढे येत होता.

पुढचे काम वर्षभर चालले. इंजिन खोलले. सिलिंडर तपासून होनिंग केले, नव्या रिंगा बसविल्या. ब्रेकचे रबरी कप, पाइप, मास्टर सिलिंडर असे सर्व नवे केले. कारण, मिस्त्रींच्या म्हणण्याप्रमाणे, गाडी सुरू झाली नाही तर लोक हसतात, पण थांबली नाही तर लोक रडतात. काही भाग मुंबईच्या जुन्या बाजारातून आणले. जे कोठेच मिळाले नाहीत, ते उद्यमबागेत तयार झाले. एका बुशसाठी आम्ही तीन महिने गावोगाव फिरलो. अखेर शेडपासून हाकेच्या अंतरावर एका लेथवर तो दोन तासांत कातून मिळाला. आपल्या गावात काय आहे ते आपल्यालाच ठाऊक नसते. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

पेट्रोलचीही गंमत आहे. जुन्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असे. ते आरोग्यास घातक म्हणून फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाले, आणि ते योग्यच झाले. परंतु त्या शिशाचा एक पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर बसून तिचे रक्षण करीत असे. म्हणून हेड खोललेच होते तेव्हा कठीण धातूच्या नव्या सीट बसवून घेतल्या. आता पेट्रोलमध्ये शेकडा वीसपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला मानवत नाही आणि हवेतील ओलावा ओढून घेते. तेव्हा इंधनाच्या नळ्या बदलल्या, आणि गाडी फार दिवस उभी ठेवावयाची असेल तर टाकी रिकामी करावयाची, असा नियम केला.

रंगावरून मंडळात भांडण झाले. एका तरुण सभासदाचे म्हणणे, चकाकणारा नवा रंग द्या, आत वातानुकूलन बसवा, इंजिनही नवे घाला. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, मग जुने उरले काय? शेवटी डिकीतील रबराच्या चटईखाली मूळ रंगाचा हाताएवढा तुकडा उन्हापावसावाचून जसाच्या तसा राहिलेला सापडला. त्याच्याशी ताडून रंग तयार करविला. तो पाहावयास काकूंना बोलाविले. त्यांनी पदराने मडगार्ड पुसले आणि म्हणाल्या, "हाच."

कागदपत्रांचा प्रश्न निघाला तेव्हा काकूंनी देवघराच्या कपाटातून गाडीचे आर. सी. बुक काढून दिले. त्यावर 'म्हैसूर राज्य' असे छापलेले. १९७३ साली राज्याचे नाव कर्नाटक झाले, २०१४ साली बेळगावचे बेळगावी झाले. गाडीचा क्रमांक मात्र तोच. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी निराळा नियम केला आहे. गाडी मूळ रूपात असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांची खास नंबरपट्टी मिळते. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर नेता येत नाही. प्रदर्शन, फेरी, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. हा नियम मी काकूंना समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, "म्हणजे लग्नातली पैठणी. वर्षातून एकदा नेसायची. यांच्या गाडीला ते शोभणार नाही." तेव्हा तपासणी करून, थकलेले शुल्क भरून, साध्याच नोंदणीचे नूतनीकरण केले.

याच काळात मिस्त्रींच्या वह्या माझ्या हाती लागल्या. वायरिंगविषयी काही विचारले तेव्हा त्याने कपाटातून एक शाळकरी वही काढली. मग मला दिसले की तशा वीसेक वह्या आहेत. हाताखालून गेलेल्या प्रत्येक गाडीचा तपशील त्यात मराठीत लिहिलेला. आकृत्या, मापे, नटांचे आटे, काय चुकले आणि का चुकले. फियाटच्या पानावर लिहिले होते : "टाकीतला गंज. बारीक खडी दोन ओंजळी, साखळी हातभर, पाणी. अर्धा तास हलवणे. तीन वेळा. मग रॉकेलने धुणे. दोन दिवस उन्हात." शुद्धलेखनाच्या चुका होत्या, त्या येथे मी सुधारल्या आहेत. परंतु या मजकुरातील एक शब्द काढता येत नाही आणि एक घालावा लागत नाही. मी आयुष्यभर मुलांना निबंध शिकविले. असा गद्याचा नमुना माझ्या हातून कोणाकडून लिहून घेतला गेला नाही.

"हे केव्हापासून लिहितोस?" मी विचारले.

"शाळा सुटल्यापासून," तो म्हणाला. मग थोडे थांबून, "तुम्ही म्हणायचासा, शिकला नाहीस तर गॅरेजात पाने पुसत बसशील. तेच झालं की सर. पण पुसताना म्हटलं, लिहून तरी ठेवू."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

वाचकहो, हीच ती कबुली. हे वाक्य मी एकदा नव्हे, शेकडो वेळा उच्चारले आहे. ते मला माझ्या गुरुजींकडून मिळाले होते आणि मी विचार न करता पुढे दिले. ज्या हातांना मी शिक्षेचे भय म्हणून दाखवीत होतो, त्याच हातांपुढे आज एक डॉक्टर, एक बँकेचे अधिकारी, एक इंजिनिअर आणि एक मुख्याध्यापक शिष्य म्हणून उभे आहेत.

गेल्या प्रजासत्ताकदिनी मंडळाच्या गाड्या मैदानावर ओळीने उभ्या केल्या. प्रत्येक गाडीपुढे पाटी : गाडीचे नाव, साल, मालकाचे नाव आणि खाली 'पुनरुज्जीवन' या शब्दापुढे पुन्हा मालकाचेच नाव. माझ्या पाटीवर माझे. छायाचित्रे निघाली, हार पडले, एका पाहुण्यांनी आमच्या चिकाटीची वाखाणणी केली. मिस्त्री दूर झाडाखाली हत्यारांची पेटी घेऊन बसला होता. कोणाची गाडी अडली तर असावे म्हणून. बँकेच्या साहेबांच्या पत्नी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "भावोजी, पाटीवर सगळे खरे लिहिले आहे का हो?" मी काही उत्तर दिले नाही. देण्यासारखे नव्हते.

पुढच्या रविवारी मी मंडळापुढे प्रस्ताव मांडला की मिस्त्रींना वर्गणीवाचून सभासद करून घ्यावे. सर्वांनी तो उचलून धरला. मिस्त्रीने नाकारला. म्हणाला, "मेंबर केलासा तर मजुरी कुणाकडं मागू?"

शेडमध्ये क्षणभर कोणी बोलेना. मग हसू फुटले. पण ते थोडे ओशाळे हसू होते. कारण आजवर त्याची मजुरी ज्याच्या त्याच्या मर्जीने दिली जात होती. कोणी वेळेवर देई, कोणी दिवाळीला. त्या दिवशी कामाचे दर ठरले, मजुरी त्याच दिवशी द्यावयाची असे ठरले, आणि पाट्या नव्या करावयाच्या असे ठरले. सभासद व्हायचे की नाही, ते त्याने नंतर सांगावे. अद्याप सांगितलेले नाही.

जांबोटीची सहल फेब्रुवारीत झाली. आम्ही पाच गाड्या काढल्या. फियाट मिस्त्री चालवीत होता. त्याच्या शेजारी पुढच्या लांब सीटवर काकू, हातात काकांची औषधांची जुनी पेटी. मागे आम्ही उभयता. स्टिअरिंगखालचा गिअर टाकताना जो एक विशिष्ट आवाज होतो, तो ऐकून काकू म्हणाल्या, "चढावर हे असेच करायचे. दुसरा टाकून विठ्ठल म्हणायचे." त्यांनी वाटेवरची प्रत्येक वळणे दाखविली. येथे ओढ्याला पाणी आले म्हणून रात्र काढली. येथे गाडीच्या दिव्यांच्या उजेडात एका मुलाच्या पायाला टाके घातले. मागच्या सीटवर दोन बाळंतपणे झाली, ती कोठे कोठे झाली, हेही सांगितले. जांबोटीला पोचल्यावर त्या गाडीतून उतरल्या नाहीत. काच खाली करून चहा प्यायल्या, आणि म्हणाल्या, "आता विका."

चुलतबंधूंना मी दूरध्वनी केला. तेही थोडा वेळ गप्प राहिले. गाडी अद्याप विकलेली नाही.

परतताना एका ठिकाणी गाड्या थांबल्या. मंडळी कुंद्याचा डबा उघडण्यात गुंतली असता मिस्त्री माझ्याजवळ आला. हात पुसत, खाली पाहत म्हणाला, "सर, एक काम होतं. पोरगा तुमच्याच शाळेत हाय, दहावीला. शाळा सुटली की गॅरेजात येऊन बसतंय. अभ्यासात मन नाही. त्याला जरा सांगा की. आम्हाला सांगायचासा तसं."

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. जे वाक्य मी तीस वर्षांनी गिळू पाहत होतो, ते तो आपल्या मुलासाठी माझ्याकडून मागून घेत होता. मी म्हणालो, "अरे, पण त्याला गॅरेज आवडत असेल तर वाईट काय आहे? तूच पाहा ना, आम्ही सगळे तुझ्याकडे शिकतो आहोत."

"तुम्ही रविवारी हात काळे करतासा सर," तो शांतपणे म्हणाला. "सोमवारी तुमचे हात गोरे असतात. त्यानं आधी शिकू दे. मग काळे करायचे का नाही, ते त्याचं त्यानं ठरवू दे."

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर आजही पुरते नाही. श्रमाच्या प्रतिष्ठेवर व्याख्यान देणे सोपे आहे. महिनाअखेरीस मजुरी मागावयास ज्याला जावे लागते त्याला ते ऐकविणे सोपे नाही. मी चुकलो होतो ते गॅरेजला शिक्षा म्हटले म्हणून. पण गॅरेजवाचून दुसरे दारच ज्याला उघडे राहिले नाही, त्याच्या मनातील सल व्याख्यानाने जात नाही. जुन्या गाड्या जतन करणारी मंडळे गावोगाव निघोत. परंतु ज्या हातांनी त्या गाड्या उभ्या राहतात, त्या हातांना मान आणि रोख मजुरी ही दोन्ही मिळाली नाहीत, तर वीस वर्षांनी गाड्या राहतील आणि त्यांना सुरू करणारा कोणी राहणार नाही. आपल्यापैकी कोणाच्या शेडमध्ये अशी गाडी असेल तर ती भंगारात देण्यापूर्वी गावातील जुन्या मिस्त्रीला एकदा दाखवा. आणि दाखविताना त्याला बसावयास खुर्ची द्या.

सोमवारी मी त्या मुलाला कार्यालयात बोलाविले. तो घाबरतच आला. मी त्याला त्याच्या वडिलांच्या वहीतील फियाटचे पान दाखविले. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, सिलिंडर चार. वृत्तचितीचे घनफळ हा धडा त्यांच्या वर्गात नुकताच झाला होता आणि गणिताच्या शिक्षिकांच्या मते त्यात त्याला शून्य गती होती.

"इंजिन किती सीसीचे, ते काढून आण," मी म्हणालो. "वडिलांना विचारायचे नाही."

मधल्या सुटीत तो परत आला. कागदावर खाडाखोड पुष्कळ होती. शेवटच्या ओळीत लिहिले होते : १०८९.

"बरोबर आहे का सर?"

मी म्हणालो, "गाडीच्या पुस्तकात पाहून ये."